डावा पाय आणि पहिला गिअर

ज्यांचं बालपण १९६० ते १९९० च्या दरम्यान भोपाळमध्ये गेलं, त्यांच्या कानाला एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची ओळख आधीपासून आहे. ती गाडी त्यांनी कधी पाहिलीही नसेल. पण अरेरा हिल्सचा चढ चढून वल्लभ भवनाकडे निघालेली पांढरी सरकारी ॲम्बॅसडर त्यांनी ऐकलेली असते. चढाच्या पायथ्याशी ती थबकायची, ड्रायव्हर पहिला टाकायचा, आणि गाडीच्या पोटातून किंचित अनुनासिक, चढत जाणारा ‘ऊंऽऽ’ यायचा. दुसरा पडला की तो मध्येच तुटायचा. एमजीबीचा पहिला गिअर हाच आवाज काढतो. तिथे तो लवकर वर चढतो, आणि ऐकणारा जमिनीच्या पुष्कळ जवळ बसलेला असतो, एवढाच फरक.

हे साम्य योगायोगाचं नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सीरीज’ नावाचं इंजिन होतं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं १९५९ पासून ॲम्बॅसडरमध्ये बसवलं ते याच घराण्यातलं, १४८९ सीसीचं. त्याच मापाचं इंजिन थोडं तापट करून १९५५ सालच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलेलं होतं. १९६२ मध्ये एमजीएची जागा एमजीबीनं घेतली, तेव्हा सिलिंडर रुंद करून इंजिन १७९८ सीसीचं झालं. पिस्टनचा वरखाली होण्याचा पल्ला मात्र ८८.९ मिलिमीटर होता तेवढाच राहिला, ॲम्बॅसडरमध्ये आहे तेवढाच. गिअरबॉक्सही त्याच गोत्रातला: चार गिअर, पैकी वरच्या तिघांना सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी चाकांचा वेग जुळवणारी सोय), पहिल्याला नाही. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात अभियंता सिड एनेव्हर आणि त्यांच्या माणसांनी केलं काय, तर घरगुती मोटारींचे सुटे भाग घेऊन त्यांतून दोन माणसांची उघडी गाडी उभी केली. म्हणून ती परवडली, म्हणून ती १९८० पर्यंत चालली आणि पाच लाखांच्या वर खपली.

मध्य प्रदेशात स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की कुणीतरी इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग काढतोच. केशरी-काळ्या रंगाची, गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली, १९३० च्या दशकातली. गाडी देखणी आहे, वाद नाही. पण ती आपण फोटोत पाहतो. तिचा क्लच कसा लागतो हे सांगणारा माणूस गावात भेटायचा नाही. एमजीबीचं तसं नाही. ती राजाची गाडी नव्हे, म्हणूनच तिच्याबद्दल बोलता येतं.

ज्या गाडीविषयी मी लिहितो आहे ती १९६५ ची आहे, एका काकांची. काकांचे वडील १९५६ साली नागपूरहून भोपाळला आले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातली मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली. टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये त्यांची मुलं वाढली आणि त्यांतली कितीतरी हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीला लागली. १९७४ नंतर त्याच कारखान्याला सगळे ‘भेल’ म्हणू लागले. काका तिथेच होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून बेअरिंग ऐकायचं, ही सवय त्यांना तिथली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत आणि आवाजावरून माणसापेक्षा यंत्र लवकर ओळखतात.

आता पेडल.

एमजीबीचं क्लच पेडल दाबायला लागलं की पहिला टप्पा रिकामा जातो. पाय खाली जातो आणि काही घडत नाही. मग टणक काही लागतं. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तेल रेटू लागलेला असतो. इथून वजन वाढतं, पण ते शेवटपर्यंत वाढत नाही, आणि यातच या पेडलची खरी मौज आहे. मध्याच्या जरा पुढे गेलं की तेच पेडल हलकं होतं आणि आपणहून खाली जाऊ पाहतं. आधीच्या एमजीएमध्ये प्रेशर प्लेटवर गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. त्या जितक्या दाबाव्यात तितक्या उलटून बसतात, त्यामुळे पेडल तळाशी सर्वांत जड. एमजीबीला आठ इंची क्लचवर डायफ्रॅम स्प्रिंग मिळाली, म्हणजे किंचित शंकूच्या आकाराची, आतून फाके पाडलेली पोलादी चकती. ती सपाट होईपर्यंत विरोध करते आणि सपाट झाली की ढिली पडते. पायाला जी टेकडी चढून उतरल्याची जाणीव होते ती या चकतीची.

पाय वर येताना हीच टेकडी उलट्या बाजूनं लागते, आणि क्लच पकडण्याची जागा तिच्या उताराच्या जवळपास असते. नवख्याची गाडी इथेच गचका खाते. पेडल ज्या ठिकाणी पायाला सर्वांत जोरानं वर ढकलतं, तिथेच पाय सर्वांत सावकाश सोडावा लागतो. हाताखाली ॲम्बॅसडर किंवा जीप घेऊन शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याची पिंडरी आपोआप आवरते. काका चढावर गाडी उठवतात तेव्हा तीन गोष्टी ठरावीक क्रमानं होतात. आधी इंजिनाचा आवाज अर्धा सूर खाली बसतो. मग बॉनेटचं टोक जरासं वर येतं, कारण मागची चाकं रेटू लागलेली असतात. मग हँडब्रेक, तो ओढलेला असूनही, हातात सैल वाटतो. तिसरी गोष्ट झाल्याशिवाय ते हँडब्रेक सोडत नाहीत. ईदगाह हिल्सच्या चढावर मागे सिटी बस चिकटलेली असली तरी नाही.

या सगळ्या हालचालीचं माप काय? पायाखाली पेडल पाच-सहा इंच फिरतं. गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा त्या बदल्यात अर्ध्या इंचाच्या आसपास सरकतो, आणि क्लच प्लेट मोकळी व्हायला खुद्द प्रेशर प्लेट मागे हटते ती मिलिमीटरच्या हिशेबात. म्हणजे वाटेत कुठेही थोडासा ‘प्ले’ शिरला की खाली क्लच सुटायचा राहतो. तो प्ले बहुतेकदा सगळ्यांत स्वस्त जागी असतो. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी एक साधी पिन आहे. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं दाबली गेल्यानं पिन झिजते, पेडलमधलं भोक लांबट होतं, आणि वर सांगितलेला रिकामा टप्पा दरवर्षी थोडा वाढत जातो. गॅरेजमध्ये याचं निदान ‘क्लचप्लेट गेली’ असं होतं, कारण क्लचप्लेट बदलायची तर इंजिन काढावं लागतं, आणि इंजिन काढलं की बिल नीट होतं.

पेडल तळाशी असताना एमजीबीत एक आवाज येतो जो ऐकून नवा मेकॅनिक दचकतो: कोरडा, बारीक ‘स्सऽ’. इतर बहुतेक गाड्यांत क्लच दाबणारं बेअरिंग गोळ्यांचं असतं. इथे गोळ्याच नाहीत. ग्रॅफाइटचं एक जाड कडं आहे, ते फिरत्या पोलादी कड्यावर सरळ टेकतं आणि घासतं. तेल नाही, ग्रीस नाही. ग्रॅफाइट स्वतःच वंगण. गाडीच्या घडणीतली ही तडजोड मला आवडते, कारण ती चालवणाऱ्याकडून शिस्त मागते. पाय पेडलवर असेल तेवढा वेळ कडं झिजतं, पाय काढला की झीज थांबते. गोळ्यांचं बेअरिंग तुमच्या वाईट सवयी बराच काळ खपवून घेतं. हे कडं रोजच्या रोज हिशेब ठेवतं.

आणि आपली सवय म्हणजे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची. बोर्ड ऑफिस चौकातल्या लाल दिव्याशी उभे असलेले डावे पाय मोजावेत. पेडलवरून उचललेला एखादा सापडला तर नशीब. काका दिवा लाल दिसला की गाडी न्यूट्रल करतात आणि पाय काढून घेतात. पण काढलेला पाय ठेवायचा कुठे, याचं उत्तर ॲबिंग्डनवाल्यांनी दिलेलं नाही. गिअरबॉक्सच्या बोगद्यामुळे पायाची जागा अरुंद झाली आहे आणि क्लचच्या डावीकडे विसाव्याला फळी नाही. मग थकलेला पाय पुन्हा पेडलवरच येऊन टेकतो. ज्या गाडीत पाय टेकवणं सर्वांत महाग, त्याच गाडीत पाय टेकवायला दुसरी जागा नसावी, हा माझ्या मते या रचनेतला सर्वांत ठळक दोष. भक्तमंडळी चिडतील, चिडोत. मे महिन्यात त्याच बोगद्यातून पिंडरीला लागणारी धग हा दुसरा दोष, पण तो इंग्लंडच्या हवेत कुणाच्या लक्षात आला नसावा.

आता गाडी उभीच ठेवून ऐकायचं. रसग्रहणातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्याला रस्ताही लागत नाही. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय पेडलवर नाही. खालून एक सपाट, जाडसर ‘घर्र’ येत असते. आता पेडल दाबायचं. ती घर्र लगेच तुटत नाही. सेकंदभर उतरत जाते आणि विरते. न्यूट्रलमध्येसुद्धा क्लच जोडलेला असतो, म्हणून गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट, खालचा लेशाफ्ट आणि त्यांच्याशी कायम गुंतलेले दाते रिकामेच फिरत असतात. त्यांच्यावर कसलाच भार नाही, म्हणून ते खुळखुळतात. पेडल दाबलं की इंजिनाशी त्यांचा संबंध सुटतो आणि ते घर्षणानं हळूहळू थांबतात. पाय सोडला की पुन्हा सुरू.

या एका प्रयोगात गाडीची अर्धी कुंडली निघते. पाय वर असताना येणारा आणि दाबल्यावर जाणारा आवाज गिअरबॉक्सच्या आतला. दाबल्यावरच सुरू होणारा आवाज त्या ग्रॅफाइटच्या कड्याचा, किंवा इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाशी बसवलेल्या काशाच्या छोट्या बुशचा. आणि पेडल तळाशी नेऊन दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तरी दाते कुरकुरले, तर आतली चाकं थांबलेलीच नाहीत, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. तिथून पुन्हा पिनेकडे यायचं. एकटा पाय सांगेल की काही कमी पडतंय. एकटा कान सांगेल की काही घासतंय. नेमकं काय, हे पाय आणि कान यांना एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या गाडीचा आवाज किती मोठा आहे याला फारसा अर्थ नसतो. तो कधी येतो आणि कधी जातो यात सगळा मजकूर असतो.

पहिल्या गिअरचा ‘ऊंऽऽ’ याच कसोटीवर घ्यावा. तो पहिल्यात येतो, रिव्हर्समध्ये येतो, दुसऱ्या-तिसऱ्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि चौथ्यात साफ जातो. का? वरच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले आहेत. एक दात पूर्ण सुटण्याआधी दुसरा टेकलेला असतो, म्हणून ते गुळगुळीत चालतात. पहिल्याचे आणि रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले. त्यांना पर्याय नव्हता, कारण या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर टाकणं म्हणजे एक आख्खं दातेरी चाक शाफ्टवरून सरकवून दुसऱ्या चाकात घुसवणं. सरळ दातेच असे सरळ आत जातात. पण ते एकमेकांवर टेकतात तेव्हा पूर्ण रुंदीनं एकदम टेकतात, दर दातागणिक एक ठोका, आणि ठोके जलद झाले की त्यांचा सूर होतो. चौथा गिअर तर गिअरच नाही. पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला थेट जोडला जातो, शक्ती दात्यांतून जातच नाही. म्हणून तिथे शांतता.

जुन्या भोपाळातले एक मेकॅनिक ही गाडी अधूनमधून पाहतात. पीर गेटजवळ त्यांनी ती एकदा पहिल्यात चालवून पाहिली आणि उतरल्यावर म्हणाले, ‘‘को खाँ, ये रो नहीं रही, गा रही है.’’ यापेक्षा चांगली समीक्षा मी केलेली नाही. याच शहरात १९८० च्या दशकात झिया फरीदुद्दीन डागरांनी ध्रुपदाचे विद्यार्थी घडवले. तानपुऱ्याची जवारी इथल्या कानाला नवी नाही. घोडीवर दोऱ्याचा तुकडा सरकवून तारेत जो झणत्कार मुद्दाम आणतात, तो अनोळखी माणसाला तार सैल असल्याचा वाटेल. सरळ दात्यांचा स्वर मुद्दाम आणलेला नाही, हा फरक मान्य. पण तो काढून टाकला तर गाडी सुधारत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

मात्र याच स्वराच्या तळाशी एक दुसरा, खडबडीत थर ऐकू येऊ लागला तर तो वेगळा समजावा. पहिल्या तिन्ही गिअरांत खरखर आणि चौथ्यात एकदम आराम, असं असेल तर लेशाफ्टच्या सुईसारख्या बारीक रोलरांची झीज झाली आहे. हे गाणं नव्हे, हे दुखणं. काकांच्या गाडीत तो थर नाही. स्क्रूड्रायव्हर लावून मीही ऐकलं आहे.

पहिल्याला सिंक्रोमेश नसणं म्हणजे ड्रायव्हरच्या अंगावर काम येणं. उभ्या गाडीत पहिला टाकताना आधी लिव्हर दुसऱ्याकडे दाबायचा. दुसऱ्याचा सिंक्रोमेश आतली फिरती चाकं थोपवतो, मग पहिला न बोलता पडतो. ॲम्बॅसडरच्या ड्रायव्हरांना ही युक्ती कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात यायचं तर डबल क्लच: दाबा, न्यूट्रल, सोडा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा, दाबा, पहिला. जुन्या ट्रकांवर हात बसलेली माणसं हे गप्पा मारता मारता करत. काका श्यामला हिल्सच्या वळणावर करतात, तेव्हा मधल्या ‘सोडा’च्या क्षणी ती न्यूट्रलची घर्र वर उसळते आणि बरोबर जुळली की पुढचा गिअर आवाज न करता आत जातो. चांगल्या डबल क्लचचा पुरावा म्हणजे काहीच ऐकू न येणं. एमजीनं १९६७ च्या अखेरीस पहिल्यालाही सिंक्रोमेश दिला आणि हा सगळा व्यायाम संपला. चालवायला ती नंतरची गाडी सोपी, यात शंका नाही. ऐकायला मला आधीची आवडते.

आता ‘ठक्’. क्लच पकडतो त्या क्षणी मागून एक आवाज येतो. पहिल्यातून रिव्हर्सला गेलं की जास्त स्पष्ट. विकत घ्यायला आलेली माणसं इथे भाव पाडतात. पण ही ठक् एका जागेची नसते, ती बेरीज असते. गिअरच्या दात्यांतली फट, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस, डिफरन्शिअलच्या क्राऊन-पिनियनमधली फट, आणि या गाडीला तारांची चाकं असल्यामुळे हबवरच्या दातेरी खाचा, ज्यांवर चाक बसतं. प्रत्येक ठिकाणी केसभर जागा सोडावीच लागते, नाहीतर काहीच फिरणार नाही. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.६३६ आणि मागच्या आसाचं ३.९०९, गुणाकार चौदाच्या वर जातो. म्हणजे चाकाशी एक अंशाची ढिलाई असली तर इंजिनाला ती भरून काढायला चौदा अंश फिरावं लागतं, आणि तेवढ्यात त्याला धाव घ्यायला वाव मिळतो. मग ते आदळतं. हलक्या पायानं क्लच सोडला तर तीच ढिलाई आवाज न करता भरून निघते. ठक् किती मोठी, हे त्यामुळे निम्मं गाडीवर आणि निम्मं चालवणाऱ्यावर.

तिच्यातले वेगवेगळे वाटेकरी ओळखता येतात. क्रॉस गेला असेल तर ठक्च्या जोडीला सावकाश चालताना ‘चिक् चिक्’ अशी शाफ्टच्या लयीतली तक्रार येते आणि वेगात बूड थरथरतं. हबच्या खाचा झिजल्या असतील तर ब्रेक लावतानाही एक बारीक ‘टक्’ येते, कारण चाक हबवर उलट दिशेनं सरकतं. हा शेवटचा आवाज हलक्यानं घेऊ नये. बाकीचे आवाज खिशाला त्रास देतात, हा जिवाला देऊ शकतो. तारांचं चाक काढून खाचांची टोकं धारदार झाली आहेत का, हे बोटानं पाहायला पाच मिनिटं लागतात.

डिफरन्शिअल ऐकायला व्हीआयपी रोडसारखा रस्ता नाही. पहाटे, बडा तालाबच्या कडेनं, कमला पार्ककडून लालघाटीकडे. डाव्या हाताला पाणी असतं, तिकडे गेलेला आवाज परत येत नाही; एक्झॉस्टचा कल्ला निम्मा होतो आणि मागच्या आसाचा आवाज सुटा होऊन ऐकू येतो. जुन्या शहरात, इमामी गेटच्या आसपासच्या गल्ल्यांत, याच्या उलट: दोन्हीकडच्या भिंती सगळं परत फेकतात, तिथे एक्झॉस्टशिवाय काही ऐकायला मिळत नाही, पण मुलं मागे धावतात ती तिथेच.

तालाबाच्या कडेला पद्धत अशी. चौथ्यात एकाच वेगानं जायचं, मग वेग तोच ठेवून तिसऱ्यात यायचं. इंजिनाचा आवाज चढेल. ज्या आवाजाची पट्टी चढली नाही तो गिअरबॉक्सच्या मागचा, चाकांच्या वेगाशी बांधलेला. काकांच्या गाडीत अशी एक बारीक शीळ आहे. ॲक्सिलरेटर दाबला की ती येते, पूर्ण सोडला की वेगळ्या पोताची होऊन येते, आणि दोन्हींच्या मध्ये, गाडी ना ओढते ना रेटते अशा नाजूक जागी, ती नाहीशी होते. क्राऊन-पिनियनचे दाते ओढताना एका अंगानं टेकतात, सोडताना दुसऱ्या अंगानं. मधल्या जागी कुठेच टेकत नाहीत. पायाच्या अंगठ्यानं ती जागा धरून ठेवायचा खेळ काका फतेहगढच्या बाजूची जुनी घरं दिसेपर्यंत खेळतात. मग ते डॅशबोर्डवरची छोटी खटकी पाडतात. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह लागतो, इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्श्यानं उतरतात, शीळ जशीच्या तशी राहते, कारण चाकांना या बदलाची खबर नसते.

आजच्या भोपाळात एमजी म्हटलं की हलोलहून येणारी उंच एसयूव्ही डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यात यातलं काही ऐकू येत नाही. नव्या गाड्यांत दोन तुकड्यांची फ्लायव्हील, तिरपे दाते, रबराचे थर, जाड गालिचे असतात. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. रोजच्या रहदारीसाठी मी तीच घेईन, दुमत नाही. फक्त तिच्याविषयी असा लेख लिहिता येणार नाही, कारण तिनं वाचण्याजोगं सगळं झाकून टाकलं आहे.

जुनी एमजीबी घ्यायला निघालेल्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडी संशयास्पद शांत असेल तर गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेऊन पाहा. या गिअरबॉक्सला इंजिन ऑइल लागतं, २०डब्ल्यू-५० जातीचं. ओव्हरड्राइव्हही त्याच तेलावर चालतो. आपल्याकडे ‘गिअर म्हणजे गिअर ऑइल’ या हिशेबानं त्यात नव्वद नंबरचं जाड तेल भरतात. त्यानं खरखर दबते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर पडायला खळखळ करतो. गाडी गप्प करणं सोपं आहे. त्या गप्प बसण्याची किंमत सिंक्रोमेशच्या पितळी कड्या भरतात.

काकांच्या गाडीबद्दल माझं मत असं: गिअरबॉक्स उघडू नये, पहिल्याचा स्वर आहे तसा राहू द्यावा, डिफरन्शिअलच्या शिळेला हात लावू नये. प्रॉपेलर शाफ्टच्या मागच्या क्रॉसला ग्रीस द्यावं. उजव्या मागच्या हबच्या खाचा पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालतील, त्यानंतर हब बदलावा. आणि क्लच पेडलची पिन या आठवड्यात बदलावी. भोक लांबट झालं आहे, ते भरून पुन्हा पाडावं लागेल, आणि हे काम मोहल्ल्यातला कुठलाही खरादवाला तासाभरात करून देईल.